‘घरी न्या, सेवा करा’ म्हटल्यावर पुढे काय?

"आता घरी न्या, सेवा करा." नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, किंवा तुकडोजी कॅन्सर रुग्णालयाच्या व्हरांड्यात हे वाक्य ऐकलं की चंद्रपूर, गडचिरोलीहून आलेल्या नातेवाइकांना अर्थ विचारावा लागत नाही. पण खर्ऱ्यापायी, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणापायी, तोंडाचा कॅन्सर झालेला, घोटभर पाणीही न गिळवणारा माणूस रात्रभर कण्हत असेल, तर सेवा करायची कशी? पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजाराच्या वेदना आणि त्रास कमी करणारे उपशामक उपचार, या प्रश्नातूनच उभे राहिले.

आधी नर्स, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेल्या सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांचं सेवाकेंद्र, सुरू केलं. दुखणं उठायची वाट न पाहता घड्याळ लावून मॉर्फिन, हे अफूपासून बनणारं वेदनाशामक, द्यायचं, ही त्यांची रीत. 1986 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वेदनाशमनाच्या तीन पायऱ्या ठरवून दिल्या. त्याच वर्षी मुंबईत शांती आवेदना सदन हे हॉस्पिस निघालं.

घोडं अडलं ते औषधापाशी. 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा इतका कडक, की मॉर्फिन ठेवायला निरनिराळे परवाने आणि चुकलं तर तुरुंगाची भीती. दुकानदारांनी, रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. 1985 मध्ये देशात 716 किलो मॉर्फिन वापरलं गेलं होतं. 1997 मध्ये 18 किलो. आणि अफू पिकते कुठे, तर शेजारच्या मध्य प्रदेशात, नीमच-मंदसौरकडे! 2014 मध्ये कायदा सुधारला, परवान्यांचं जंजाळ कमी झालं. डॉक्टरांच्या मनातली धास्ती मात्र कायद्याइतक्या लवकर बदलत नाही.

दरम्यान, 1993 पासून केरळातल्या कालिकतमध्ये डॉ. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी गल्लीतल्या स्वयंसेवकांना हाताशी धरून ही सेवा घरोघरी नेली. 2012 मध्ये टाटा मेमोरियलला या विषयातलं एम.डी. सुरू झालं. नागपुरात ‘स्नेहांचल’सारखं केंद्र शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांना आधार देतं.

तरी ही शाखा कॅन्सरपुरती, तीही अखेरच्या दिवसांपुरती, हा समज काही सुटत नाही. खरं तर आजाराचं निदान झालं की तेव्हापासूनच, मूळ उपचारांच्या जोडीने ती हवी. विदर्भात तर सिकलसेल हा आनुवंशिक रक्ताचा आजार आहे. हाडं फोडणारी ती कळ शाळकरी पोरांनाही गाठते आणि पुढे वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा येते. त्या पोरांना गावाजवळच्या आरोग्य केंद्रात नीट वेदनाशमन मिळतं की दर वेळी नागपूरची एसटी धरावी लागते, हे बघायचं.