पाळणाघरातली जागा कधी मोजायची? युरोपच्या कोविडोत्तर निधीचा हिशेब

२०२१ मध्ये इटलीने युरोपीय संघाला एक आकडा लिहून दिला: २,६४,४८०. लहान मुलांची पाळणाघरं आणि बालशाळा मिळून इतक्या नव्या जागा तयार करू, त्यासाठी संघाच्या कोविडोत्तर निधीतून ४.६ अब्ज युरो लागतील. (एक अब्ज म्हणजे शंभर कोटी.) दोन वर्षांनी, डिसेंबर २०२३ मध्ये, हाच आकडा १,५०,४८० वर आणावा लागला. एक लाख चौदा हजार मुलांच्या जागा उभ्या राहण्याआधीच यादीतून गेल्या. तिजोरीत पैसे नव्हते असं नाही. पैसे ज्या पद्धतीने मिळत होते, तिच्यातच याचं बरंचसं कारण आहे. ती पद्धत कशी चालते हे कळलं की, या निधीतून कामगार कायदा बदलणं का जमलं आणि पाळणाघर चालवणं का अवघड गेलं, हेही उलगडतं.

कोविडच्या काळात युरोपीय संघाने दोन वेगळी साधनं वापरली. त्यांची गल्लत होते, म्हणून आधी ती वेगळी करू. पहिलं साधन तातडीचं होतं. त्याचं नाव ‘शुअर’, कायदा १९ मे २०२० चा. काम थांबलं तरी माणसाला कामावरून काढायचं नाही. त्याचे तास कमी करायचे आणि बुडालेल्या पगाराचा मोठा भाग सरकारने द्यायचा, ही त्यामागची कल्पना. जर्मनीत ‘कुर्झआर्बाइट’ या नावाने ही व्यवस्था आधीपासून होती. बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, घरात मूल असेल तर ६७ टक्के रक्कम मिळायची. कोविडमध्ये ती चौथ्या महिन्यापासून ७० आणि ७७, तर सातव्या महिन्यापासून ८० आणि ८७ टक्के केली गेली. एप्रिल २०२० मध्ये एकट्या जर्मनीत सुमारे साठ लाख कामगार या छत्राखाली होते.

ज्या देशांची तिजोरी एवढी भक्कम नव्हती, त्यांना अशाच योजना चालवायला ‘शुअर’ने स्वस्त कर्ज दिलं. सर्व सदस्य देशांनी मिळून २५ अब्ज युरोची हमी दिली आणि तिच्या बळावर संघाने बाजारातून पैसा उचलला. ऑक्टोबर २०२० मध्ये १७ अब्जांचे पहिले सामाजिक रोखे (म्हणजे सामाजिक कामासाठी कर्ज उभारणारे रोखे) निघाले, तेव्हा मागणी २३३ अब्जांहून जास्त आली. शेवटी १९ देशांना ९८.४ अब्ज युरो मिळाले. सर्वांत मोठे वाटे इटली (२७.४), स्पेन (२१.३) आणि पोलंड (११.२) यांचे. तिघांची बेरीज ६० अब्जांच्या किंचित आत आहे. हा योगायोग नव्हे: तीन मोठ्या कर्जदारांना मिळून ६० अब्जांहून जास्त द्यायचे नाहीत, असं कायद्यातच होतं. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतली बेरोजगारी १४ टक्क्यांच्या वर गेली, तर युरोपीय संघात ती आठ टक्क्यांच्या आत राहिली. या फरकाचं मोठं श्रेय अशा योजनांना जातं. दोष एकच, पण खरा: जी कंपनी पुन्हा उभी राहणारच नाही, तिथेही माणूस अडकून पडतो. म्हणून अशी मदत वेळेत थांबवावी लागते. ‘शुअर’ची दारं डिसेंबर २०२२ अखेर बंद झाली.

दुसरं साधन दीर्घ पल्ल्याचं आहे. जुलै २०२० मध्ये पाच दिवस चाललेल्या बैठकीत नेत्यांनी २०१८ च्या किमतींनुसार ७५० अब्ज युरोच्या पॅकेजला मान्यता दिली. त्यातला बहुतेक पैसा ‘पुनर्उभारणी व लवचीकता सुविधा’ या निधीचा, ज्याला सगळे आद्याक्षरांवरून ‘आरआरएफ’ म्हणतात. त्याचा कायदा १२ फेब्रुवारी २०२१ चा. काही भाग अनुदान, काही कर्ज. संघाने यासाठी काढलेलं ऋण २०५८ पर्यंत फेडायचं आहे.

वाटपाचं सूत्र पाहण्यासारखं आहे. अनुदानातले ७० टक्के वाटताना लोकसंख्या, दरडोई उत्पन्न (जितकं कमी तितका वाटा जास्त) आणि २०१५ ते २०१९ मधली सरासरी बेरोजगारी पाहिली गेली. म्हणजे महासाथीत किती नुकसान झालं याआधी जुनं दुखणं मोजलं गेलं. उरलेल्या ३० टक्क्यांत बेरोजगारीच्या जागी २०२० आणि २०२१ मधली उत्पन्नाची घट आली. स्पेन आणि इटलीला मोठा वाटा मिळाला तो या सूत्रामुळे. रोजगाराचा प्रश्न वाटपाच्या गणितातच घातलेला होता.

खर्चाच्या अटींत मात्र तो तेवढा ठळक नाही. प्रत्येक देशाच्या आराखड्यातले किमान ३७ टक्के हवामानासाठी आणि २० टक्के डिजिटल बदलासाठी, असं बंधन आहे. सामाजिक खर्चासाठी अशी किमान टक्केवारी नाही. निधी ज्या सहा विषयांवर, म्हणजे ‘स्तंभां’वर उभा आहे, त्यांपैकी सामाजिक व प्रादेशिक एकजूट, आरोग्य, आणि मुलं-तरुणांसाठीची धोरणं हे थेट सामाजिक. प्रत्येक देशाने त्यांना हात घालायचा, किती ते त्याने ठरवायचं. सामाजिक खर्चाच्या मोजमापासाठी चार गट केले: रोजगार व कौशल्यं, शिक्षण व बालसंगोपन, आरोग्य व दीर्घकालीन शुश्रूषा, आणि सामाजिक धोरणं. ‘सामाजिक’ हे लेबल योजनेच्या अंदाजित खर्चाला लागतं, गरजूंच्या हातात काय पडलं याला नाही. शाळेची इमारत बांधली तर तो सामाजिक खर्च. त्या शाळेत नंतर किती मुलं आली, हा प्रश्न या हिशेबात येत नाही. अशा मोजणीने सारा आरआरएफ मिळून साधारण चौथा हिस्सा सामाजिक भरतो.

आता मूळ यंत्रणा. युरोपीय संघाचे जुने निधी बिलांवर चालत: खर्च करा, पावत्या दाखवा, पैसे घ्या. आरआरएफ पावत्या मागत नाही. देशाने आधी शेकडो ‘टप्पे’ आणि ‘लक्ष्यं’ लिहून द्यायची. टप्पा म्हणजे एखादी गोष्ट झाली की नाही, उदाहरणार्थ कायदा लागू झाला. लक्ष्य म्हणजे आकडा, उदाहरणार्थ इतक्या जागा तयार झाल्या. वर्षातून जास्तीत जास्त दोनदा देश हप्ता मागतो. युरोपीय आयोग, म्हणजे संघाची कार्यकारी संस्था, दोन महिन्यांत पुरावे तपासतो. सगळं पुरं असेल तर पूर्ण हप्ता. काही राहिलं असेल तर तेवढ्या भागाची रक्कम थांबते आणि ते पुरं करायला सहा महिने मिळतात. तरीही झालं नाही तर ती रक्कम कापली जाते. सगळे टप्पे ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंत, सगळे पैसे ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत, त्यापुढे मुदत नाही, असं मूळ कायदाच सांगतो.

आणखी एक अट फार महत्त्वाची. दरवर्षी होणारा नेहमीचा सरकारी खर्च, म्हणजे मुख्यतः पगार, या पैशातून भागवायचा नाही. सबळ कारण असेल तरच अपवाद. भिंत बांधायला पैसे मिळतील, भिंतीच्या आत काम करणाऱ्या बाईंच्या पगाराला सहसा नाही.

अशी रचना कायदे बदलण्यासाठी फार सोयीची ठरते, कारण कायदा एकदाच करायचा असतो. स्पेन हे त्याचं उत्तम उदाहरण. २०२१ अखेर तिथल्या चार नोकरदारांपैकी एक तात्पुरत्या करारावर होता. तरुणांना तर आठवड्याचे, महिन्याचे करार मिळत. मंदी आली की हीच माणसं आधी बाहेर पडत. हे प्रमाण कमी करणारी सुधारणा करू, असा टप्पा स्पेनने आराखड्यात लिहून दिला. २८ डिसेंबर २०२१ चा वटहुकूम त्यासाठीच निघाला, आणि ३ फेब्रुवारी २०२२ रोजी संसदेने तो १७५ विरुद्ध १७४ मतांनी टिकवला. विरोधी पक्षाच्या एका खासदाराचं मत चुकून बाजूने पडलं, म्हणून तो तरला. त्या टप्प्यासह स्पेनला १२ अब्जांचा दुसरा हप्ता मिळाला.

वटहुकुमात तपशील नेमके होते. ‘ठरावीक काम संपेपर्यंत’ हा सर्वांत जास्त वापरला जाणारा तात्पुरता करार रद्द झाला. कामाचा भार अचानक वाढला म्हणून माणूस घ्यायचा, तर सहा महिने. त्या उद्योगाच्या सामूहिक करारात मुभा असेल तर वर्षभर. चोवीस महिन्यांत अठरा महिने काम झालं की माणूस कायम. तीस दिवसांपेक्षा छोट्या करारावर मालकाला सामाजिक सुरक्षेची जादा वर्गणी. हंगामी कामासाठी ‘कायम पण खंडित’ करार: पर्यटनाचा हंगाम संपला की काम थांबतं, नोकरी सुटत नाही, पुढच्या हंगामात त्याच माणसाला बोलवावं लागतं. वर्षभरात तात्पुरत्या नोकरदारांचं प्रमाण २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या आसपास आलं. इतक्या वेगाने श्रमबाजार बदलल्याची उदाहरणं थोडी. पण दोन गोष्टी खटकतात. खंडित करारावरचा माणूस हंगामाबाहेर घरी बसलेला असला तरी नोंदणीकृत बेरोजगारांत मोजला जात नाही. आणि सरकारी सेवेतच तात्पुरत्या नेमणुकांचं प्रमाण खासगी क्षेत्राहून कितीतरी जास्त राहिलं.

इटलीच्या पाळणाघरांकडे परत येऊ. २०२० च्या सुमारास इटलीत पंधरा ते चौसष्ट वयाच्या निम्म्याहून कमी स्त्रिया कमावत्या होत्या. मूल ठेवायला जागा नसणं हे त्याचं एक मोठं कारण. देशभरात तीन वर्षांखालच्या शंभर मुलांमागे २७-२८ जागा होत्या. दक्षिणेतल्या कांपानियात त्या १२ च्याही आत. म्हणजे जिथे गरज सर्वांत मोठी, तिथे जागा सर्वांत कमी. निधी तिथेच जायला हवा होता.

पण पाळणाघर उभारायचं नगरपालिकेने. तिने आराखडा करायचा, जमीन दाखवायची, ऑनलाइन अर्ज भरायचा, निविदा काढायची. दक्षिणेतल्या छोट्या गावांत या कामाला अभियंताच नसतो. पहिल्या फेरीत पाळणाघरांसाठी इतके कमी अर्ज आले की मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. ज्यांच्याकडे माणसं होती, त्यांनाही पुढची भीती होती. साधा हिशेब करू. समजा साठ मुलांचं पाळणाघर आहे. इतक्या लहान मुलांमागे सात-आठ जणांना एक शिक्षिका धरली, तर एका वेळी आठ शिक्षिका, शिवाय स्वयंपाकी आणि सफाईचं माणूस. इमारतीचे पैसे एकदाच लागतात. हे दहा पगार दर महिन्याला, कायमचे. युरोपचा पैसा २०२६ ला थांबणार, मग पुढे कोण देणार? ज्या गावाने या प्रश्नापायी अर्जच केला नाही, त्याला बेजबाबदार म्हणवत नाही.

त्यावर युक्रेन युद्धानंतर बांधकाम साहित्य महागलं, त्याच रकमेत जागा कमी बसू लागल्या. आणि जुनी शाळा दुरुस्त केली किंवा पाडून पुन्हा बांधली तर त्या जागा ‘नव्या’ धरायच्या नाहीत, ही मोजणीची शिस्तही आड आली. अशी शिस्त विद्यार्थी वसतिगृहांच्या बाबतीतही दिसली. ७,५०० नव्या खाटांचं लक्ष्य वादात सापडलं आणि इटलीच्या १९ अब्जांच्या तिसऱ्या हप्त्यातून साधारण अर्धा अब्ज युरो पुढच्या हप्त्यात ढकलले गेले. आयोगाची ही कठोरता मला रास्त वाटते. सैल मोजलं असतं तर रंग दिलेली जुनी खोलीही नवी ठरली असती.

पण कठोर मोजणीलाही एक आंधळा कोपरा असतो. इटलीच्याच ४.४ अब्ज युरोच्या रोजगार कार्यक्रमाचं लक्ष्य होतं तीस लाख लोकांना सामावून घेण्याचं, त्यातल्या आठ लाखांना प्रशिक्षण देण्याचं. तीन चतुर्थांश लाभार्थी स्त्रिया, दीर्घकाळ बेरोजगार, अपंग, तिशीखालचे किंवा पंचावन्नपुढचे असावेत, ही अट अगदी योग्य. रोजगार केंद्रात माणसाची मुलाखत घेऊन तो कामापासून किती दूर आहे हे ठरवायचं आणि त्याप्रमाणे मार्ग द्यायचा, ही पद्धतही चांगली. पण लक्ष्यात मोजली जाते ती नोंदणी आणि प्रशिक्षण. त्यानंतर नोकरी लागली का, ती टिकली का, हे नाही. युरोपीय लेखापरीक्षकांनीही आरआरएफच्या देखरेखीवर हाच आक्षेप घेतला: काम किती पुढे गेलं हे दिसतं, त्याचा परिणाम काय झाला हे पुरेसं दिसत नाही.

पगारांचं उत्तर इटलीला शेवटी स्वतःच्या अर्थसंकल्पात शोधावं लागलं. २०२१ अखेरच्या कायद्याने २०२७ पर्यंत प्रत्येक भागात शंभर मुलांमागे ३३ जागा हा किमान हक्क ठरवला आणि नगरपालिकांना चालू खर्चासाठी वाढत जाणारी रक्कम देऊ केली: २०२२ मध्ये १२ कोटी युरो, २०२७ पासून दरवर्षी ११० कोटी. युरोपीय संघाचं २०३० चं उद्दिष्ट त्याहून वर, ४५ टक्क्यांचं आहे.