उच्च विकृतिदर चाचणी

पदार्थ अतिशय झपाट्याने दाबला, ताणला किंवा पिळला गेला, तर त्याचे बळ आणि विरूपण कसे बदलते हे मोजण्याची प्रायोगिक पद्धत. मूळ लांबीच्या तुलनेत लांबीत पडलेला फरक म्हणजे विकृती, आणि ती दर सेकंदाला किती वाढते तो विकृतिदर. प्रयोगशाळेतील नेहमीच्या ताणयंत्रावर हा दर सेकंदाला ०.००१ च्या आसपास असतो. वाहनांच्या टकरीत तो शेकड्यांत जातो आणि बंदुकीची गोळी आदळते तेथे हजारो-लाखांत. म्हणून सावकाश ताणून काढलेले आकडे टकरीच्या हिशेबाला पुरत नाहीत. सौम्य पोलाद झटक्याने दाबले, तर ते सावकाश दाबल्यापेक्षा बऱ्याच जास्त प्रतिबलाला (दर एकक क्षेत्रफळावरील बलाला) नमते. ॲल्युमिनियमच्या बहुतेक मिश्रधातूंत हा फरक किरकोळ असतो.

जॉन हॉपकिन्सन यांनी १८७२ मध्ये लोखंडी तारेवर वजन टाकून पाहिले. तार तुटणे हे वजन किती जड आहे यापेक्षा ते किती उंचीवरून, म्हणजे किती वेगाने येते, यावर ठरत होते. त्यांचे पुत्र बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी १९१४ मध्ये स्फोटाचा दाब मोजण्यासाठी लांब पोलादी दांडा वापरला. आजची मांडणी मात्र हर्बर्ट कोल्स्की यांची, १९४९ मधील. त्यांनी दांड्याचे दोन भाग केले आणि मधल्या फटीत नमुना बसवला.

या दुभंगलेल्या दांड्याची खुबी अशी, की नमुन्याला हातही न लावता त्याचे मोजमाप होते. वायूच्या दाबाने सोडलेला आघाती दांडा पहिल्या दांड्यावर आदळतो. निघालेली दाबाची लहर पोलादातून सेकंदाला सुमारे ५,००० मीटर वेगाने धावते आणि नमुन्यापाशी फुटते : काही भाग मागे परततो, काही पलीकडच्या दांड्यात शिरतो. दोन्ही दांड्यांवर चिकटवलेले स्ट्रेन गेज (विकृती मोजणाऱ्या पट्ट्या) या लहरी टिपतात. परतलेल्या लहरीवरून विकृतिदर कळतो, पलीकडे गेलेल्या लहरीवरून नमुन्यातील प्रतिबल. परतलेली विकृती ०.००१ आणि नमुना ५ मिमी लांब असेल, तर विकृतिदर सेकंदाला २,००० येतो. आघाती दांडा ३० सेंमी लांब असला, तर लहर सुमारे १२० मायक्रोसेकंद टिकते. सगळी चाचणी तेवढ्यात उरकते. सेकंदाला साधारण १०० ते १०,००० हा या उपकरणाचा टप्पा. ताण आणि पीळ देणारी त्याची रूपे १९६० च्या दशकात आली.

हे गणित एका गृहीतावर उभे आहे : नमुन्याच्या दोन्ही टोकांवर बल सारखे हवे. त्यासाठी लहरीला नमुन्यात काही फेऱ्या माराव्या लागतात, आणि तोवरचा आलेखाचा सुरुवातीचा भाग भरवशाचा नसतो. स्थितिस्थापकता गुणांक (सुरुवातीला प्रतिबल आणि विकृती यांचे गुणोत्तर) याच भागातून काढलेला दिसला, तर तो बाजूला ठेवलेलाच बरा. ठिसूळ पदार्थ समतोल साधण्याआधीच फुटू शकतो. म्हणून आघाताच्या जागी तांब्याची पातळ चकती ठेवून लहर हळूहळू चढेल असे करतात. रबर किंवा फेसासारख्या मऊ पदार्थातून पोलादी दांड्यात जेमतेम लहर पोहोचते. तेथे ॲल्युमिनियमचे किंवा प्लास्टिकचे दांडे घेतात. टोकांवरचे घर्षण कमी करायला वंगण लावतात.

उष्णतेचीही भानगड आहे. धातू कायमचा वाकवताना खर्ची पडलेल्या कार्याचा बहुतांश भाग उष्णता होतो, हे टेलर आणि क्विनी यांनी १९३४ मध्ये दाखवले. चाचणी इतकी झटपट आटोपते की ही उष्णता बाहेर पडू शकत नाही. नमुना तापतो आणि मऊ पडतो. दर वाढल्याने आलेले बळ आणि तापल्याने आलेला मऊपणा एकाच आलेखात मिसळतात. काही धातूंत विरूपण अरुंद पट्ट्यांत एकवटून तेथेच तडा जातो.

याहून वरच्या दरांसाठी टेलर चाचणीत दंडगोल कठीण भिंतीवर मारतात आणि आखूड झालेल्या लांबीवरून बळाचा अंदाज बांधतात. तबकडीवर तबकडी आदळवण्याच्या प्रयोगांत सेकंदाला १,००,००० च्या पुढचे दर गाठता येतात. पृष्ठभागाचा वेग लेसरने मोजतात.

काँक्रीटवरचा वाद अजून मिटलेला नाही. झटक्याने दाबल्यावर त्याची ताकद वाढलेली दिसते, पण ही वाढ सगळीच पदार्थाची नव्हे. कडेकडे पसरू पाहणारे काँक्रीट स्वतःच्याच जडत्वाने आवळले जाते, आणि त्या आवळण्याचा वाटा आकड्यात बेमालूम शिरतो. संगणकी प्रतिकृतीत जडत्व मुळातच धरलेले असते. तिच्यात हा आकडा तसाच घातला, तर तीच वाढ दोनदा मोजली जाते.