बर्गंडीची सहल आखताना: तुकड्यातुकड्यांच्या द्राक्षबागांचा इतिहास

बोर्दोला जाणाऱ्याला मोठाले वाडे दिसतात. फाटकावर नाव आणि मागे एकाच मालकाची सलग बाग. तीच अपेक्षा ठेवून पूर्व फ्रान्सातल्या बर्गंडीला गेलेला प्रवासी पहिल्याच दिवशी गोंधळतो. एकाच बागेचे नाव दहा-वीस उत्पादकांच्या बाटल्यांवर, आणि ज्याच्या वाईनसाठी इतक्या लांब आलो तो माणूस गावातल्या साध्या दगडी घरात राहतो. आधी वेळ मागून घेतली नसेल तर तो बहुधा बागेत असतो आणि दार बंद. बर्गंडीची ही तऱ्हा मठ, सरदार, क्रांती आणि मंदी अशा चौघांनी मिळून घडवली आहे. सहल आखायची तर हा क्रम माहीत असलेला बरा.

दिजों या बर्गंडीतल्या शहराच्या दक्षिणेला, सखल आणि दलदलीच्या भागात, 1098 मध्ये सितोचा मठ स्थापन झाला. सिस्टर्शियन या ख्रिस्ती मठपंथाचे हे मूळ पीठ. अंगमेहनत हा या मठवासीयांच्या नियमाचाच भाग होता. बाराव्या शतकापासून भाविकांनी दान दिलेल्या आणि विकत घेतलेल्या जमिनी जोडत त्यांनी जवळच्या टेकडीच्या उतारावर क्लो द वूजो ही बाग उभी केली आणि पुढे तिला दगडी भिंत घातली. भिंतीच्या आत सुमारे 50 हेक्टर. मठवासी माती जिभेवर ठेवून जमिनीची प्रत ठरवत, ही गोष्ट वाटाडे हमखास सांगतात. ऐकायला छान आहे, पुरावा नाही. खरी गोष्ट कमी चटकदार आहे: मठ मरत नाही, त्याच्या वाटण्या होत नाहीत, त्यामुळे एकाच उताराचे पीक पिढ्यान्‌पिढ्या पाहत राहायला त्याला सवड मिळते. कुठल्या पट्ट्यात द्राक्ष आधी पिकते, कुठे पाणी साचते, हे ज्ञान असे साठत गेले. नाव आणि हद्द ठरलेल्या अशा पट्ट्याला इथे 'क्लिमा' म्हणतात.

बर्गंडीच्या ड्यूकांना वाईनचे राजकीय मोल पक्के कळत होते. 'धाडसी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फिलिपने 1395 मध्ये फर्मान काढून गामे जातीच्या वेली उपटायला सांगितल्या. गामे भरपूर पिकते आणि लवकर येते, म्हणून शेतकऱ्याच्या सोयीची. ड्यूकला मात्र आपल्या प्रदेशाचे नाव पिनो न्वार या द्राक्षजातीवर टिकवायचे होते. फर्मान पूर्ण पाळले गेले नाही, तरी आज दिजोंच्या दक्षिणेकडच्या बोन गावाच्या आसपासच्या लाल वाईन पिनो न्वारच्याच असतात, आणि गामे दक्षिणेला बोजोलेत नांदते.

त्याच घराण्यातल्या पुढच्या एका फिलिपचा कारभारी निकोला रोलँ याने पत्नी ग्विगोन द सालँ हिच्यासह 1443 मध्ये बोनला गरिबांसाठी रुग्णालय काढले. रंगीत कौलांच्या नक्षीचे ते छप्पर आज बर्गंडीच्या प्रत्येक माहितीपत्रकावर असते. श्रीमंतांनी आपल्या आत्म्याच्या शांतीसाठी या रुग्णालयाला द्राक्षबागा दान दिल्या, आणि त्यांच्या वाईनवर खर्च भागू लागला. 1859 पासून ही वाईन लिलावात विकली जाते, नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी. म्हणून त्या आठवड्यात बोनला खोली मिळणे मुश्कील. ज्याला लिलावाच्या गर्दीत रस नाही त्याने ऑक्टोबर गाठावा. जुन्या इमारतीत 1971 पर्यंत रुग्ण होते. आता ते संग्रहालय आहे आणि रोजीर व्हान डर वायडनचे 'अंतिम न्यायनिवाडा' हे भव्य चित्र तिथेच आहे.

मग फ्रेंच क्रांती आली. चर्चची मालमत्ता 1789 मध्ये राष्ट्राची झाली आणि क्लो द वूजो 1791 मध्ये लिलावात निघाली. नेपोलियनच्या 1804 च्या कायद्याने वारसांमध्ये समान वाटणी सक्तीची केली. सातबाऱ्यावर पिढीगणिक नावे वाढताना ज्यांनी पाहिली आहेत त्यांना पुढचे सांगायला नको. अर्थात सगळे खापर नेपोलियनवर फोडणे घाईचे ठरेल. क्लो द वूजो क्रांतीनंतरही बराच काळ एकाच हाती राहिली आणि 1889 मध्ये अनेक व्यापाऱ्यांना तुकड्यांनी विकली गेली. आज त्या भिंतीच्या आत सुमारे 80 मालक आहेत. इथले जुने मोजमाप 'उव्रे', म्हणजे एका माणसाच्या दिवसभराच्या कामाची जमीन. आपल्या हिशेबाने जेमतेम सव्वाचार गुंठे. काही मालकांकडे अशा मोजक्याच उव्रे असतात. त्यातून वर्षाला दोन-तीन पिंपे निघणार असतील तर येणाऱ्या-जाणाऱ्याला असा मालक चवीपुरते तरी किती ओतणार?

एकोणिसाव्या शतकात गावांनी हुशारी केली. आपल्या शिवारातल्या सर्वांत नामांकित बागेचे नाव गावाला जोडून घेतले. जेव्रेचे 1847 मध्ये जेव्रे-शांबेर्तँ झाले. 1879 मध्ये पुलिन्यी आणि शासान्य या दोन्ही गावांनी माँराशे लावले. म्हणून जेव्रे-शांबेर्तँ असे लिहिलेली बाटली आणि नुसती शांबेर्तँ यांच्या किमतीत प्रचंड फरक असतो. पहिली गावची, दुसरी त्या एका बागेची. दुकानात हे न कळल्याने पुष्कळ पाहुणे फसतात.

शतकाच्या अखेरीस फिलोक्झेरा ही मुळे पोखरणारी कीड आली. उपाय सापडला तो अमेरिकन वेलींच्या खुंटावर कलम करण्याचा. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला डॉगरिजचा खुंट परिचयाचा आहे. आपल्याकडे तो मुख्यतः पाण्याच्या ओढीमुळे आणि खारवट जमिनीमुळे आला, तिकडे किडीमुळे.

आज प्रवासी ज्या बर्गंडीत फिरतो ती मात्र बरीचशी दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली आहे. दिजोंचा महापौर गास्तों जेरार याने 1921 मध्ये शहरात खाद्यजत्रा सुरू केली. पुढे अमेरिकेतली दारूबंदी आणि 1929 नंतरची मंदी यांनी गिऱ्हाईक नाहीसे केले, तळघरे भरलेली राहिली. तेव्हा 1934 मध्ये न्युई-सें-जोर्जच्या काही मंडळींनी ठरवले की वाईन विकली जात नसेल तर लोकांनाच बोलावून जेवू-पाजू घालावे. त्यांनी 'तास्तव्हँचे सरदार' नावाचे मंडळ काढले; तास्तव्हँ म्हणजे वाईन चाखायची उथळ वाटी. लाल-सोनेरी झगे, लॅटिन धाटणीचे विधी, गाणी. सगळे पाहून वाटते मध्ययुगापासून चालत आले असेल. आहे विसाव्या शतकातले, आणि उघड उघड विक्रीसाठी. मला त्यात काही गैर दिसत नाही. 1944 मध्ये या मंडळाने वूजोचा मठवासीयांचा वाडाच घेतला. 1938 पासून जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी द्राक्षबागायतदारांच्या संत व्हिन्सेंटचा उत्सव दरवर्षी वेगळ्या गावात भरतो, त्यामागेही हेच मंडळ.

1935 च्या कायद्याने उगमस्थानानुसार नावे राखीव झाली आणि मठांच्या काळापासूनच्या हद्दी सरकारी कागदावर आल्या. 1936 मध्ये फ्रेंच कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली; 1937 मध्ये दिजों ते सांतने असा सुमारे 60 किलोमीटरचा 'ग्रां क्र्यू' (सर्वांत वरच्या दर्जाच्या बागा) मार्ग आखला गेला. फ्रान्समधल्या सर्वांत जुन्या वाईनमार्गांपैकी हा एक. 2015 मध्ये युनेस्कोने इथल्या 1,247 क्लिमांना जागतिक वारशात घेतले.

मंदीत गिऱ्हाईक शोधत फिरणाऱ्यांच्या वारसांना आता गिऱ्हाइकाची वाण नाही, उलट द्यायला वाईन पुरत नाही. म्हणून लहान उत्पादकाला काही आठवडे आधी लिहावे, आणि तो नाही म्हणाला तर मनाला लावून घेऊ नये. बोनमधल्या जुन्या व्यापारी पेढ्यांची तळघरे मात्र पाहुण्यांना सरावलेली आहेत. अनेकांकडून वाईन घेऊन आपल्या नावाने विकणाऱ्या या पेढ्या अठराव्या शतकापासून आहेत आणि एका बैठकीत सात-आठ गावांची चव तिथेच मिळते. पॅरिसहून दिजोंला वेगवान रेल्वेने साधारण दीड तास लागतो. पुढे गाडी भाड्याने घ्यावी असे सगळे सुचवतात, पण फ्रान्समध्ये चालकाच्या रक्तात लिटरला 0.5 ग्रॅमपेक्षा कमीच अल्कोहोल चालते. बोन ते सांतने हा बागांमधून जाणारा सायकलमार्ग त्यापेक्षा बरा, तोही निम्म्या पेल्यांवर थांबणार असाल तर.