लुकलुक मोजून सौरवाऱ्याचा माग

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यडागांचे चित्र काढत असताना एका डागसमूहावर अचानक लख्ख पांढरा प्रकाश उसळला. साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले. त्याची मोलाची नोंद आपल्या मुंबईत, कुलाबा वेधशाळेत झाली. तिथल्या निरीक्षकांनी टिपलेली चुंबकीय क्षेत्राची ती घसरण अभ्यासक आजही तपासतात. पण सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधल्या वाटेत काय घडते, हे कळायला आणखी शंभर वर्षे लागली.

धूमकेतूंच्या शेपट्यांवरून १९५१ मध्ये लुडविग बियरमन यांनी सूर्याकडून सतत कण वाहत असावेत, असे सुचवले. १९५८ मध्ये यूजीन पार्कर यांनी त्याचे गणित मांडले, आणि १९६२ मध्ये मरिनर-२ यानाने तो सौरवारा प्रत्यक्ष मोजला.

यान मात्र जिथे असेल तिथलाच वारा मोजते. मधल्या साऱ्या पोकळीवर नजर ठेवायची युक्ती १९६४ मध्ये केंब्रिजच्या अँटनी ह्यूइश आणि सहकाऱ्यांनी दाखवली. हवेमुळे तारे लुकलुकतात, ग्रह बहुधा स्थिर दिसतात. तसेच सौरवाऱ्यातून येताना दूरच्या, अगदी लहान दिसणाऱ्या रेडिओस्रोतांचे, म्हणजे रेडिओलहरी सोडणाऱ्या आकाशस्थ वस्तूंचे, संकेतही लुकलुकतात. सूर्याने फेकलेल्या कणांचा दाट ढग आडवा आला की लुकलुक वाढते, आणि तिच्या चढउतारांवरून वाऱ्याचा वेगही काढता येतो. हीच लुकलुक टिपण्यासाठी उभारलेल्या दुर्बिणीवर १९६७ मध्ये जोसलिन बेल यांना पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओस्पंद पाठवणारा तारा, सापडला.

भारतात हे काम उटीने केले. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने १९७० मध्ये तिथे ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद रेडिओदुर्बीण उभी राहिली. तिच्यासाठी मुद्दाम ११ अंश उताराची टेकडी निवडली, कारण तिथला अक्षांशही तेवढाच आहे. त्यामुळे दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर राहतो आणि एकाच आसाभोवती फिरवून स्रोताचा तासन्‌तास पाठलाग करता येतो. मला ही रचना विलक्षण सुंदर वाटते. आज पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवते. रोज अनेक स्रोत पाहून सूर्यापासून निघालेला ढग कुठवर आला, हे वाटेतच ताडता येते.

एक गोष्ट मात्र लुकलुक सांगत नाही: ढगातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा. ते दक्षिणेकडे वळलेले असेल तरच पृथ्वीवर मोठे वादळ उठते. ती दिशा कळते पृथ्वीपासून सूर्याच्या बाजूला १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूपाशी, जिथे २०२४ पासून आपले आदित्य-एल१ हे यान आहे. तिथून पृथ्वी गाठायला नेहमीच्या सौरवाऱ्याला तासभर लागतो, वेगवान ढगाला त्याहून कमी.