स्प्रे गनचा हवादाब (लाकूडकाम)

लॅकर, मेलामाइन, पी.यू. (पॉलियुरेथेन) इ. लेप लाकडावर फवारताना त्यांचे सूक्ष्म थेंब व्हावेत म्हणून गनला पुरवावा लागणारा संपीडित हवेचा दाब. तो पीएसआय (दर चौरस इंचावरील पौंड) किंवा बार या एककांत मोजतात (1 बार = सु. 14.5 पीएसआय).

फवारणीच्या उगमाबद्दल एकमत नाही. जोसेफ बिंक्स यांनी 1887 च्या सुमारास शिकागोतील मार्शल फील्ड या दुकानाच्या तळघरातील भिंतींवर हातपंपाच्या साधनाने चुना फवारला, असे एक मत आहे. 1893 च्या शिकागो प्रदर्शनातील इमारती फवारणीने पांढऱ्या करण्याचे श्रेय फ्रान्सिस डेव्हिस मिलेट यांना दिले जाते. तिसरे मत टोलेडो (ओहायओ) येथील डॉक्टर ॲलन डीव्हिल्बिस यांच्याकडे जाते. त्यांनी 1880 च्या दशकात घशात औषध फवारण्याचे साधन केले. पुत्र टॉमस यांनी ते तत्त्व, बहुधा 1907 च्या सुमारास, रंगकामाकडे वळविले. पहिली दोन कामे विस्तीर्ण भिंतींची असून त्यांत थेंबाचा आकार गौण होता. फर्निचरच्या गनचे नाते घशाच्या फवाऱ्याशी अधिक जुळते. त्यात हवेचे मुख्य काम द्रव ढकलण्याचे नसून तो फोडण्याचे आहे. 1920 च्या दशकात झटपट सुकणारे नायट्रोसेल्युलोज लॅकर आले आणि कुंचल्याला न जुमानणाऱ्या या लेपासाठी गन अपरिहार्य झाली.

लेप थेंबांत फोडण्यास पुरेल तेवढाच दाब योग्य. प्रथम लेपाचा पातळपणा ठरवून दाब कमी ठेवतात. पुठ्ठ्यावर मारून पाहत तो थोडाथोडा वाढवितात. फवाऱ्याने उमटलेल्या पट्ट्याच्या कडेचे जाड ठिपके नाहीसे होताच थांबावे. दाब कमी पडल्यास संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. जास्त झाल्यास थेंब लाकडावरून उसळतात किंवा हवेतच सुकून खरखरीत बसतात, आणि मालाची नासाडी होते. ओघळ आले की कारागीर अनेकदा दाबाला दोष देतो; दोष बहुधा सैल सोडलेल्या सुईचा (गनमधून किती लेप बाहेर पडावा हे ती ठरविते) किंवा संथ हाताचा असतो.

मोजमाप ट्रिगर दाबून, हवा वाहत असतानाच घ्यावे. कॉम्प्रेसरवरील काटा गनपाशी पोहोचणारा दाब दाखवीत नाही. लांब पाव इंची नळीत तो लक्षणीय घटतो. पारंपरिक गनसाठी सु. 30 ते 50 पीएसआय वापरतात. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गनमध्ये हवेच्या टोपीपाशी (गनच्या तोंडाशी) 10 पीएसआय ही कमाल मर्यादा मानतात. गनमध्ये शिरणाऱ्या हवेचा दाब मात्र याहून अधिक असू शकतो.

कोकणासारख्या दमट हवेत लॅकर पांढुरके पडते. थिनर (लेप पातळ करणारा द्रव) उडताना लेप थंड होऊन त्यावर बाष्प साचते. दाब वाढवून हे जात नाही. सावकाश उडणारा थिनर घालावा लागतो. हवेच्या वाटेवर पाणी अडविणारी गाळणी बसविणेही जरुरीचे असते.