आज्जीच्या कानामागचं दहाचं नाणं

"मामा, दुकानदार म्हणतो, ५०ची लेन्स आपल्या कॅमेऱ्याला लावली की ती ७५ची होते. खरंय का?"

फोन परभणीहून, भाच्याचा. त्यानं निकॉनचा साधा, डी३००० मालिकेतला कॅमेरा जुन्यात घेतलाय. सोबत १८-५५ची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येणारी साधी लेन्स आहे. हे आकडे लेन्सच्या नाभीय अंतराचे, मिलिमीटरमध्ये: आकडा मोठा, तेवढी चौकट अरुंद. सेलूकडच्या गावी जाऊन आज्जीचा, म्हणजे माझ्या आईचा, एक तरी धड फोटो काढायचा म्हणून नवी लेन्स हवीय.

लेन्स ७५ची बिलकुल होत नाही. या कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, साधारण २३.५ बाय १५.६ मिमी असतो, जुन्या फिल्मच्या ३६ बाय २४ मिमीच्या चौकटीपेक्षा बराच लहान. त्यामुळं लेन्सनं पाडलेल्या प्रतिमेचा फक्त मधला तुकडा तो उचलतो. भाकरीचा मधला चौकोन कापून घेतला म्हणून तिच्यावरचे फोड मोठे होत नाहीत. पण दुकानदार अगदीच खोटं बोलला असंही नाही. चौकट अरुंद झाली की तोच चेहरा आणि खांदे मावायला आपल्याला मागं सरकावं लागतं, आणि चेहरा कसा दिसणार ते या अंतरावर ठरतं.

नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतची खोली १२ सेंमी धरा. ५० मिमीनं डोक्यापासून छातीपर्यंतचा उभा फोटो सुमारे दीड मीटरवरून बसतो. नाक १५० सेंमीवर, कान १६२वर. म्हणजे कानाच्या मानानं नाक ८ टक्के मोठं. तोच फोटो १८ मिमीनं काढायचा तर ५४ सेंमीपर्यंत जवळ जावं लागेल. आता नाक ५४वर, कान ६६वर. नाक २२ टक्के मोठं, नथीसकट! सेल्फीत नाक भज्यासारखं दिसतं ते यामुळंच. मोबाइलच्या लेन्सला उगीच शिव्या बसतात. दोष हाताच्या लांबीचा.

आता माझ्या आवडीचा भाग. मागचं सगळं धूसर का होतं?

लेन्सचं भोक किती मोठं, ते काढायला लेन्सच्या मिमीला एफ-अंकानं, म्हणजे 'एफ/'पुढच्या आकड्यानं, भागायचं. ५० मिमी, एफ/१.८ म्हणजे जवळपास २८ मिमी. दहा रुपयांचं नाणं २७ मिमीचं असतं, म्हणजे तेवढंच. किट लेन्स ५५वर एफ/५.६ च्या पुढं उघडत नाही, तिचं भोक १० मिमीचं: शर्टाचं बटण. रात्री शिवाराच्या पार टोकाला एक दिवा लागलाय असं समजा. इतक्या लांबून येणारे त्याचे किरण जवळपास समांतर असतात, आणि लेन्समध्ये शिरणारा त्यांचा जुडगा भोकाएवढाच जाड असतो. वाटेत तो आज्जीच्या चेहऱ्याची पातळी ओलांडतो तिथंही २८ मिमीच. फोकस त्या पातळीवर आहे, म्हणून तिथली मापं फोटोत जशीच्या तशी उतरतात. मग तो दिवा फोटोत कसा दिसेल? आज्जीच्या कानाशेजारी कुणी दहाचं नाणं धरावं, तेवढी उजळ चकती. किट लेन्सनं बटणाएवढी.

मागची वस्तू जवळ असेल तर किरणांचा शंकू होतो: टोक वस्तूवर, बूड लेन्सवर. कॅमेऱ्यापासून आज्जी दीड मीटरवर आणि लिंबाचं झाड सहा मीटरवर असेल, तर चेहऱ्यापाशी शंकूची जाडी २८ गुणिले ४.५ भागिले ६, म्हणजे २१ मिमी. आज्जीला भिंतीला टेकवून बसवलं, भिंत ३० सेंमी मागं, तर जेमतेम ५ मिमी. आणि किट लेन्स? झाडासमोर ती ७ मिमी देते. म्हणजे अंगणातली किट लेन्स भिंतीपुढच्या नव्या लेन्सला हरवते! भाच्याला म्हटलं, पैसे खर्चायच्या आधी आज्जीची बाज अंगणात ओढ.

मोबाइलचा 'पोर्ट्रेट मोड' हे किरणांचं काम अंदाजानं करतो आणि बरेचदा चष्म्याची काडी किंवा सुटे केस खाऊन टाकतो. जाहिरातीत ते दिसत नाही.

आज्जीचं म्हणणं निराळंच. "फोटो काढला की आविष्य कमी होतंय बाबा." आई, तुझ्या चेहऱ्यावरून उडालेला उजेड भिंतीवर जायचा तो लेन्समध्ये गेला, तुझं काय गेलं?

तरीही लेन्स घ्यायचीच असेल तर ५० मिमी, एफ/१.८ घे. फक्त तुझ्या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नाही, म्हणून जुनी 'डी' प्रकारची लेन्स स्वस्तात मिळाली तरी फोकस हातानं फिरवत बसशील. मोटर असलेली 'एएफ-एस' बघ. दीड मीटरवर एफ/१.८ ला जेमतेम ६ सेंमी खोलीच स्पष्ट येते. नथीवर फोकस बसला तर डोळे या खोलीच्या कडेला जातात. जवळच्या डोळ्यावर फोकस धर, आणि तरी हुकत असेल तर एफ/२.८: भोक लहान केलं की स्पष्ट खोली वाढते.

आणि दुपारी बारा वाजता जाऊ नकोस. आपल्याकडच्या कडक उन्हात, आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १०० वर ठेवली तरी एफ/१.८ ला शटर सेकंदाच्या सुमारे आठ हजाराव्या भागापुरतंच उघडावं लागतं. तुझा कॅमेरा चार हजाराव्या भागापाशी थांबतो. जास्तीच्या उजेडानं आज्जीचं पांढरं लुगडं सपाट कागद होऊन जाईल. चारनंतर, लिंबाच्या सावलीत.