पाटा, वरवंटा आणि दाढ

आमच्या घरातला पाटा आजीच्या काळापासूनचा आहे. आठवड्यातले सहा दिवस मिक्सर चालतो. रविवारी मात्र लसूण, सुक्या लाल मिरच्या, सुके खोबरे आणि मीठ घेऊन मी पाट्यापाशी बसतो. गेल्या उन्हाळ्यात वरवंटा नुसताच घसरू लागला आणि चटणी वाटली जाण्याऐवजी पाटाभर पसरू लागली, तेव्हा टाकी लावायची वेळ झाली हे आईने ओळखले. टाकी लावणाऱ्या बाई आल्या, अंगणात पाटा आडवा घालून बसल्या, आणि तासाभरात त्यांनी गुळगुळीत झालेल्या दगडावर बारीक खाचांच्या ओळी उमटवल्या. त्यांच्या हातोडीचा ठेका ऐकत, उडणारा काळसर चुरा बघत मी शेजारी बसलो होतो. इतकी वर्षे ज्या दगडावर मी वाटण वाटले, तो मुळात आहे तरी काय, हे मी कधी विचारलेच नव्हते. त्या दिवशी विचारले, आणि एक प्रश्न भूविज्ञानाकडे, दुसरा रसायनशास्त्राकडे, तिसरा मेंदूकडे आणि चौथा थेट पोपटाकडे घेऊन गेला.

महाराष्ट्रातला बहुतेक पाटा बसाल्टचा असतो. आपण त्याला काळा पाषाण म्हणतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वर येत राहिला आणि थरावर थर चढत गेले. झीज होऊन आज जे उरले आहे त्याचाच विस्तार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो, आणि घाटातून जाताना कड्यांवर ज्या प्रचंड आडव्या पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या आहेत. मात्र प्रत्येक बसाल्ट पाट्याला चालत नाही. लाव्हाच्या थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात आणि पुढे त्यांत झिओलाइटसारखी पांढरी खनिजे भरतात. तसला दगड संग्रहालयात शोभून दिसतो, पण पाट्याला घट्ट, एकसंध आणि बारीक कणांचाच दगड लागतो. थर कसा थिजला असेल याचा अंदाज पाथरवट दगडावर घाव घालून, त्याचा आवाज ऐकून घेतो. भूविज्ञानाचे हे ज्ञान त्याने पुस्तकातून घेतलेले नसले तरी ते ज्ञानच आहे.

बाई गेल्यावर मी अंगणातला चुरा गोळा केला आणि कागदात गुंडाळलेले लोहचुंबक त्यावरून फिरवले. कागदाला काळे कण चिकटले. त्यातले काही टाकीच्या लोखंडाचे असू शकतात, म्हणून मग मी एक छोटे पण शक्तिशाली चुंबक दोऱ्याला टांगून पाट्याच्या कडेजवळ नेले, आणि ते किंचित, पण स्पष्टपणे, दगडाकडे ओढले गेले. बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे सूक्ष्म कण असतात. दख्खनच्या नद्यांच्या वाळूत चुंबक फिरवले की जी काळी रेती चिकटून येते, तीही अशाच झिजलेल्या कातळातली.

या कणांचे खरे नवल त्यांच्या स्मरणशक्तीत आहे. लाव्हा बाहेर पडतो तेव्हा त्याचे तापमान १,००० अंश सेल्सिअसहून अधिक असते आणि त्या तापमानाला मॅग्नेटाइटला चुंबकत्व नसते. दगड थंड होत साधारण ५८० अंशांच्या खाली आला की त्या क्षणी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ज्या दिशेला असेल ती दिशा या कणांत कायमची गोठते. हे क्षेत्र विषुववृत्तावर जमिनीला समांतर असते आणि ध्रुवांकडे जावे तसे अधिकाधिक कलते. त्यामुळे गोठलेल्या दिशेचा कल मोजला की तो दगड कोणत्या अक्षांशावर जन्मला हे कळते. अट एकच, दगड डोंगरातून काढण्यापूर्वी त्याची दिशा टिपून ठेवायला हवी. आपल्या पाट्याच्या बाबतीत ती कधीच हरवली आहे, पण ज्या कड्यातून तो निघाला त्या कड्याला ती अजून आठवते.

ही आठवण वाचणारे उपकरण मुळात दगडांसाठी बनलेलेच नव्हते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट, ज्यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते, त्यांना अशी शंका होती की कोणतीही प्रचंड वस्तू स्वतःभोवती फिरते म्हणूनच चुंबक बनते. ती तपासण्यासाठी त्यांनी बँक ऑफ इंग्लंडकडून सुमारे १५ किलो सोन्याचा दंडगोल उसना घेतला आणि पृथ्वीबरोबर फिरण्यामुळे त्यात येऊ शकणारे अतिशय क्षीण चुंबकत्व मोजू शकेल असे चुंबकत्वमापक तयार केले. १९५२ साली त्यांनी जाहीर केलेला निष्कर्ष नकारार्थी होता. सोन्याने काहीही दाखवले नाही. पण हाती एक विलक्षण संवेदनशील उपकरण उरले, आणि ब्लॅकेट खडकांकडे वळले. त्यांच्या भोवतीच्या लंडनमधील संशोधकांनी १९५० च्या दशकात दख्खनच्या बसाल्टचे नमुने मोजले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या अभ्यासाने मूळ धरले, आणि उत्तर असे आले की हा लाव्हा थिजला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेला होती. साधारण ३० अंश दक्षिण अक्षांश धरला तर आजच्या जागी पोचेपर्यंत तिने ५,००० किलोमीटरांहून अधिक प्रवास केला आहे. भूखंडे सरकतात ही कल्पना तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिकांना मान्य नव्हती. तिच्या बाजूने साक्ष देणाऱ्या दगडांत आपला काळा पाषाण होता. एका चुकीच्या तर्कासाठी घडवलेले उपकरण भलत्याच शास्त्रात जाऊन असा सत्याचा उलगडा करते, हे मला विज्ञानाच्या इतिहासातले अतिशय सुंदर वळण वाटते.

आता पाट्यावर जे ठेवले जाते त्याकडे येऊ. लसणाची अख्खी पाकळी नाकाशी धरली तर तिला जवळजवळ वास नसतो. वरवंट्याचा पहिला दाब पडला की घरभर वास सुटतो. तो वास आधीपासून आत दडलेला नसतो, तो त्या क्षणी तयार होतो. लसणाच्या पेशीत ॲलिइन नावाचा गंधहीन पदार्थ एका कप्प्यात आणि त्याचे रूपांतर करणारे विकर (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात असते. पेशी फुटली की दोन्ही एकत्र येतात आणि काही सेकंदांत ॲलिसिन तयार होते. हे ॲलिसिन १९४४ साली चेस्टर कॅव्हॅलिटो आणि जॉन बेली या अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञांनी वेगळे काढले. निखाऱ्यावर सालासकट भाजलेला लसूण गोडसर का लागतो, याचे उत्तरही इथेच आहे: उष्णतेने विकर आधीच निकामी होते, मग पाकळी कितीही चिरडली तरी ॲलिसिन जवळजवळ बनत नाही. लसणाच्या दृष्टीने पाहिले तर ही सगळी व्यवस्था कीड किंवा जनावर चावा घेईल त्या क्षणासाठी आहे. आपण चटणीची चव म्हणतो ते लसणाचे शस्त्र आहे.

मिरचीची कथा याहून रंगतदार आहे. तिच्यातला कॅप्सेसिन हा पदार्थ जिभेला चव देत नाही, तो वेदना देतो. १९९७ साली अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदना जाणणाऱ्या चेतापेशींतली जनुके एकेका गटाने दुसऱ्या, मिरचीला दाद न देणाऱ्या पेशींत घातली आणि कोणत्या जनुकामुळे त्या पेशी कॅप्सेसिनला प्रतिसाद देऊ लागतात हे शोधले. सापडलेल्या संवेदकाला आज टीआरपीव्ही-१ म्हणतात. तो साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर, म्हणजे चटका बसू लागतो त्या तापमानाला, उघडतो. कॅप्सेसिन त्याला न तापवताच उघडते. या संशोधनासाठी ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक आर्डेम पटापुटियन यांच्यासह मिळाले. तिखट लागल्यावर आपण 'तोंडाची आग झाली', 'जीभ भाजली' असे म्हणतो, ते मला नेहमी अलंकारिक वाटत असे. प्रत्यक्षात मेंदूकडे खरोखरच भाजल्याचा निरोप गेलेला असतो. 'तिखट' हा शब्दही 'तीक्ष्ण'च्या कुळातला आहे. म्हणजे भाषेनेही चवीचे नव्हे तर टोचण्याचे नाव दिले.

भाषेचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबायला हवे. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती १६ व्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्यापूर्वी तिखटपणासाठी इथे मिरे होते. नव्या फळाला लोकांनी जुन्याच ओळखीचे नाव दिले: संस्कृतातले मरिच, त्यावरून मिरे, आणि त्याच कुळातली मिरची. गोव्यातल्या कोकणीत तिला मिरसांग म्हणतात, म्हणजे मिऱ्याची शेंग. कोणती वस्तू आधी आली आणि कोणती नंतर, याचा पुरावा असा शब्दाच्या पोटात जपलेला असतो.

पण मिरचीने हा चटका बनवलाच कशासाठी? इथे पिंजऱ्यातल्या पोपटाकडे पाहावे. पोपटाला मिरची आवडते हे लहान मूलही सांगते, पण ती त्याला झोंबत कशी नाही? पक्ष्यांच्या शरीरातही हा उष्णता-संवेदक असतो, मात्र त्याची घडण किंचित वेगळी असल्यामुळे कॅप्सेसिनने तो उघडत नाही. २००१ साली ॲरिझोनात रानमिरचीच्या झुडपांवर लक्ष ठेवणाऱ्या जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नाभान यांना असे दिसले की पक्षी ती फळे खुशाल खातात, तर उंदीरवर्गीय प्राणी त्यांच्या वाटेला जात नाहीत. याच प्राण्यांना तिखट नसलेल्या जातीची फळे दिली, तेव्हा त्यांनी ती खाल्ली, पण त्यांच्या विष्ठेतले एकही बी रुजले नाही, कारण ते दाढांखाली चिरडले गेले होते. पक्ष्यांना दाढा नसतात. त्यांच्या पोटातून बी अखंड बाहेर पडते आणि दूरवर जाऊन रुजते. म्हणजे मिरचीचे वैर जनावराशी नाही, दाढेशी आहे. लसूणही चिरडणाऱ्याशीच झगडतो.

हे वाचल्यापासून पाट्याकडे बघण्याची माझी दृष्टी बदलली आहे. खालचा खरबरीत दगड, वरचा दाबत सरकणारा दगड, आणि गुळगुळीत झाल्यावर पुन्हा धार देण्याची गरज: ही तोंडाबाहेर काढून ठेवलेली दाढच आहे. दाढेपासून बचावण्यासाठी वनस्पतींनी जी रसायने घडवली, नेमकी तीच मोकळी करण्यासाठी माणसाने दगडाची दाढ घडवली, आणि त्या झोंबण्याला तो रुची म्हणू लागला. सस्तन प्राण्यांत मिरचीशी असे सख्य क्वचितच दिसते.

हे सख्य किती जुने आहे, तेही पाटेच सांगतात. अनेक वनस्पतींचे पिष्टकण, म्हणजे स्टार्चचे कण, सूक्ष्मदर्शकाखाली आपल्या विशिष्ट आकारामुळे ओळखू येतात आणि वाटताना ते दगडाच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतात. २००७ साली लिंडा पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बहामा बेटांपासून दक्षिण पेरूपर्यंतच्या प्राचीन वस्त्यांतल्या वाटण्याच्या दगडांवर, भांड्यांच्या खापरांवर आणि मातीत मिरचीचे पिष्टकण दाखवून दिले. इक्वाडोरमधले सर्वांत जुने कण सुमारे ६,१०० वर्षांपूर्वीचे होते. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या, साधारण ३,००० वर्षांहून जुन्या वस्तीच्या उत्खननातही दळण्या-वाटण्याचे दगड मिळाले आहेत. तिथल्या माणसांना मिरची ठाऊक असणे शक्य नव्हते, पण वरवंटा पुढे ढकलण्याची हाताची लय तीच असणार.

टाकी लावून झाल्यावर आईने रिवाजाप्रमाणे पाट्यावर मूठभर तांदूळ वाटले आणि खर निघून जावी म्हणून ते फेकून दिले. अंगणात गोळा केलेला चुरा मात्र मी एका काचेच्या बाटलीत भरून ठेवला आहे. दक्षिण गोलार्धाची दिशा विसरलेले मॅग्नेटाइटचे कण त्यात आहेत, आणि जुन्या खाचांच्या तळाशी राहिलेले आजीच्या वाटणातले पिष्टकणही असतील. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका मैत्रिणीने सूक्ष्मदर्शक वापरू देण्याचे कबूल केले आहे. तिच्याकडे जाताना तुलनेसाठी एक ताजी लाल मिरचीही घेऊन जाणार आहे.